मोठ्या वयात पुन्हा बीएमएक्स घेताना

चाळिशीच्या आसपास पुन्हा बीएमएक्स, म्हणजे शर्यतीची आणि कसरतींची छोट्या चाकांची सायकल, चालवावीशी वाटू लागते, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लहानपणची, हँडलच्या आडव्या दांडीवर फोमची गादी बांधलेली सायकल असते. ती मनात धरून जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या दुकानात गेले, की दुकानदार जाड टायरची, भडक स्टिकरांची, वीस इंची चाकांची सायकल बाहेर ओढतो आणि ग्राहकाकडे एकदा पाहून विचारतो, “भाऊ, हाई त पोरेसनी सायकल शे, तुमले कसाले?” त्याची शंका रास्त असते. त्या सायकलीवर बीएमएक्स असे छापलेले असले, तरी तिची फ्रेम आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या मापाची असते, पाइप साध्या पोलादाचे असतात आणि चाके शाळेत जाण्या-येण्यापुरती बांधलेली असतात. ऐंशी किलो वजनाच्या माणसाने तिच्यावरून चार वेळा फूटपाथ उतरला, तर पुढचे चाक धरणारा चिमटा वाकायला फार वेळ लागत नाही.

मोठ्या माणसासाठी बनवलेली बीएमएक्स दिसायला तशीच असते, पण ती वेगळी वस्तू आहे. ती निवडताना मी जो क्रम सांगतो, त्यात आधी माप, मग धातू, मग क्रँक (पायडलचे दांडे) आणि मागचा हब (चाकाचा मधला भाग) येतो. त्यानंतर ही सायकल खान्देशातल्या मिस्त्रीकडे दुरुस्त होईल का, हा प्रश्न येतो. रंग, वजन आणि ब्रँड यांचा विचार त्याच्याही नंतर करावा. हा क्रम उलटा धरल्यामुळेच बहुतेक सायकली चार महिन्यांत माळ्यावर जातात.

कोणत्या जमिनीवर चालवणार, हे आधी ठरवावे

हा खेळ १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या मोटरसायकलींच्या शर्यती पाहून मातीत सायकली पळवणाऱ्या मुलांनी सुरू केला. पुढे त्याच्या दोन मोठ्या शाखा झाल्या. शर्यतीची शाखा २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये आली, तर कसरतींची, म्हणजे फ्रीस्टाइलची शाखा २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आली. खरेदीच्या दृष्टीने हा इतिहास एवढ्यासाठीच कामाचा, की दोन्ही शाखांच्या सायकली वेगळ्या असतात आणि जाहिरातीत त्या बऱ्याचदा एकाच नावाखाली दिसतात. शर्यतीची सायकल हलकी असते, तिची फ्रेम बहुधा अॅल्युमिनियमची असते, टायर अरुंद असतात आणि ती सरळ वेगासाठी आखलेली असते. फ्रीस्टाइलची सायकल पोलादाची, जड आणि मार खाण्यासाठी बनवलेली असते. जवळपास बांधलेला ट्रॅक नसेल, तर शर्यतीची सायकल घेण्यात अर्थ नाही. परत सुरुवात करणाऱ्याने फ्रीस्टाइलचीच घ्यावी.

आपल्याकडे सराव होतो तो कॉलनीतल्या काँक्रीटच्या रस्त्यावर, शाळेच्या पटांगणात, आठवडे बाजाराच्या सिमेंटच्या ओट्यांवर आणि गावाबाहेरच्या मुरमाच्या माळावर. बाजाराचा दिवस सोडला, तर हे ओटे मोकळे असतात. गुडघ्याएवढ्या उंचीवरून उतरणे, मागच्या चाकावर तोल धरणे आणि छोटी उडी घेणे, एवढ्या सगळ्याचा सराव तिथे होऊ शकतो. मातीचे उंचवटे करून उड्या मारायच्या असतील, तर मुरूमच वापरावा. काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चाकाला अशी चिकटते, की ब्रेक आणि चिमट्याच्या फटीत चिखल भरून चाक जागीच थांबते.

एक गोष्ट खरेदीपूर्वीच समजून घ्यावी. ही सायकल लांब जाण्यासाठी नाही. तिला एकच गिअर असतो, आसन खाली असते आणि पायडलच्या एका फेरीत ती साधारण साडेचार मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या, तरी वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपासच राहतो. जळगावहून भुसावळला सायकलने जायचे असेल, तर दुसरी सायकल घ्यावी. बीएमएक्सवर ते अंतर बहुतेक उभ्यानेच कापावे लागेल आणि गुडघे त्याची आठवण ठेवतील.

माप

बीएमएक्सच्या खरेदीत सर्वांत जास्त गोंधळ ‘वीस इंच’ या आकड्यामुळे होतो, कारण हा आकडा दोन निरनिराळ्या ठिकाणी येतो. चाक वीस इंची असते, ते लहान मुलाच्या सायकलीचेही आणि सहा फुटी माणसाच्या बीएमएक्सचेही. फ्रेमचे माप वेगळे असते. ते वरच्या पाइपच्या लांबीवर ठरते, म्हणजे हँडलच्या नळीच्या मध्यापासून आसनाच्या नळीच्या मध्यापर्यंतचे अंतर. मोठ्या माणसाच्या सायकलीत हेही वीस-एकवीस इंचांच्या घरातच असते. दुकानदार ‘वीस इंची आहे’ म्हणतो, तेव्हा तो चाकाबद्दल बोलत असतो आणि ग्राहक ते सायकलीचे माप समजतो. म्हणून खिशात शिंप्याची टेप घेऊन जावे आणि पाइप स्वतः मोजावा. यात संकोच बाळगू नये.

उंची ५ फूट ४ इंचांपर्यंत असेल, तर वरचा पाइप २० ते २०.५ इंचांचा चालतो. ५ फूट ५ ते ५ फूट ८ इंच उंचीला २०.५ ते २०.७५ इंच ठीक बसतो. ५ फूट ९ इंचांपासून सहा फुटांपर्यंत २०.७५ ते २१.२५ इंच घ्यावा आणि सहा फुटांच्या वर २१.२५ किंवा त्याहून मोठा. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. दोन मापांच्या सीमेवर असलेल्या माणसाला दोन्ही चालतात. मात्र बऱ्याच काळाने परत येणाऱ्याने शंका असेल तिथे मोठे माप घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. छोटी फ्रेम चटकन वळते आणि हवेत सहज फिरते, म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ती आवडते. परंतु ज्याच्या पाठीत आणि खांद्यांत आता थोडा ताठरपणा आला आहे, त्याला ती अंगावर आल्यासारखी वाटते, उभे राहिले की गुडघे हँडलला लागतात आणि पुढे तोंडावर पडण्याची भीती वाढते.

दुकानात सायकल हाताळता येत असेल, तर एक साधी परीक्षा करावी. कोणाला तरी सायकल धरायला सांगावे, दोन्ही पायडल जमिनीला समांतर ठेवून त्यांवर उभे राहावे, कोपर आणि गुडघे थोडे वाकवावेत आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. गुडघा हँडलला घासला, तर फ्रेम छोटी आहे. हात सरळ ताणल्याशिवाय मुठी पकडता आल्या नाहीत, तर ती मोठी आहे. आसनावर बसून माप ठरवू नये, कारण बीएमएक्सचे आसन बसण्यासाठी नसतेच. ते पाय मोकळे हलावेत म्हणून खाली असते आणि ते उंच करून माप जुळवण्याचा प्रयत्न केला, तर सीटची दांडी तिच्या मर्यादेबाहेर येऊन वाकते.

हँडलची उंची हा दुसरा महत्त्वाचा भाग आहे. पूर्वी आठ इंच उंचीची हँडले रूढ होती, आता नऊ ते दहा इंचांची सर्रास मिळतात. कंबरेचा त्रास असलेल्याने नऊ इंचांच्या खाली जाऊ नये. हँडल रुंद असेल, तर ते दोन्ही टोकांनी थोडे कापून घेता येते, पण उंची वाढवता येत नाही. म्हणून उंचीकडे आधी पाहावे.

फ्रेमच्या माहितीपत्रकात आणखी दोन आकडे असतात आणि परतणाऱ्या स्वाराला ते उपयोगी पडतात. पहिला आकडा मागच्या त्रिकोणाचा, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतच्या अंतराचा. तो १३ इंचांच्या खाली असेल, तर पुढचे चाक चटकन उचलते, आणि १३.५ इंचांच्या पुढे असेल, तर सायकल शांत आणि विश्वासाची वाटते. दुसरा आकडा हँडलच्या नळीच्या कोनाचा. ७५ अंश किंवा त्याहून जास्त असेल, तर सायकल तीक्ष्ण वळते, ७४ ते ७४.५ असेल तर वेगात सरळ राहते. सुरुवातीला मागचा भाग थोडा लांब आणि कोन थोडा कमी असलेली फ्रेम घ्यावी. सराव झाल्यावर यातले काय बदलायचे, ते अंगालाच कळते.

धातू

साधे पोलाद आणि क्रोमोली यांतला फरक हा या खरेदीत पैसे घालण्याचा मुख्य मुद्दा आहे. क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद. त्याची बीएमएक्समध्ये वापरली जाणारी जात ४१३० या आकड्याने ओळखली जाते. ते साध्या पोलादापेक्षा बरेच मजबूत असते, म्हणून पाइपची भिंत पातळ ठेवूनही सायकल तेवढाच मार सहन करते. साध्या पोलादाच्या सायकलीला तीच ताकद हवी असेल, तर पाइप जाड करावा लागतो आणि वजन वाढते. स्वस्त सायकलीत तेही केलेले नसते.

जाहिरातीतले शब्द येथे नीट वाचावेत. फ्रेमवर ‘क्रोमोली’ असे स्टिकर असते, पण पुष्कळदा फक्त खालचा पाइप किंवा पुढचा त्रिकोणच क्रोमोलीचा असतो, आणि मागचा त्रिकोण, चिमटा, हँडल साध्या पोलादाचे असते. पूर्ण फ्रेम, चिमटा आणि हँडल या तिन्हींसाठी क्रोमोली लिहिले आहे का, ते वेगवेगळे पाहावे. बजेट अपुरे असेल, तर निदान पुढचा त्रिकोण आणि चिमट्याची उभी नळी क्रोमोलीची असावी, कारण उतरतानाचा पहिला धक्का तिथेच बसतो. दुकानात काही जण लोहचुंबक लावून धातू ओळखण्याचा सल्ला देतात. त्याचा उपयोग नाही, कारण चुंबक साध्या पोलादाला आणि क्रोमोलीला सारखाच चिकटतो. त्यावरून फक्त अॅल्युमिनियम नाही एवढे कळते.

ज्याला फक्त सकाळी मुलाबरोबर कॉलनीत फेऱ्या मारायच्या आहेत, चाक उचलायचे आहे आणि एखादा फूटपाथ चढायचा-उतरायचा आहे, त्याला अर्ध्या क्रोमोलीची सायकल पुरेशी आहे. ओट्यावरून उड्या मारण्याचा विचार असेल, तर पूर्ण क्रोमोलीच घ्यावी आणि त्यासाठी दोन महिने थांबावे लागले, तरी थांबावे.

क्रँक, हब आणि चेन

क्रँक दोन प्रकारचे असतात. एकसंध क्रँकमध्ये डावा दांडा, मधला आस आणि उजवा दांडा ही एकच वाकवलेली सळई असते. तीन भागांच्या क्रँकमध्ये आस वेगळा आणि दोन्ही दांडे वेगळे असतात. मोठ्या माणसाने तीन भागांचा क्रँकच घ्यावा. एकसंध क्रँक उतरतानाच्या वजनाने वाकतो, आणि शिवाय त्याला अर्धा इंच आट्यांचे पायडल बसतात, जे चांगल्या प्रतीचे मिळणे अवघड असते. तीन भागांच्या क्रँकला ९/१६ इंचांचे पायडल लागतात आणि ते गिअरच्या सायकलींनाही चालतात, म्हणून जळगावात सहज मिळतात. दांड्याची लांबी १७० किंवा १७५ मिलिमीटर असावी. पायडल आधी प्लास्टिकचेच घ्यावेत. धातूच्या पायडलच्या खिळ्यांनी नडगी सोलते, ती जखम लहानपणी लवकर भरायची, आता भरत नाही.

मागचा हब निवडताना तीन नावे समोर येतात. फ्रीव्हील हा जुना, स्वस्त प्रकार. त्यात मागची दातेरी चकती १६ दातांची आणि पुढची साधारण ४४ दातांची असते. कॅसेट हबमध्ये मागे ९ आणि पुढे २५ दात असतात. प्रमाण जवळजवळ तेच राहते, पण चकती लहान असल्याने ती ओट्याच्या कडेला आपटत नाही. तिसरा फ्रीकोस्टर, ज्यात सायकल उलटी गेली तरी पायडल स्थिर राहतात. तो कसरतींसाठी मौजेचा असला, तरी पायडल मारल्यावर ताण येईपर्यंत मध्ये मोकळी फट जाणवते, आणि आपला पाय सायकलीला पुन्हा सरावत असताना ही फट घात करते. कॅसेट हब घ्यावा. मागचा आस १४ मिलिमीटरचा असावा. १० मिलिमीटरचा असेल, तर ती सायकल मुळात वजनदार स्वारासाठी बनवलेलीच नाही असे समजावे.

बेअरिंग सीलबंद आहे की वाटीत सुट्या छर्ऱ्यांचे, हे आपल्या भागात फार महत्त्वाचे ठरते. एप्रिल-मे महिन्यांत जी धूळ उडते, ती सुट्या छर्ऱ्यांच्या वाटीत जाऊन ग्रीसबरोबर काळी पेस्ट तयार करते आणि वर्षभरात वाटी खोदली जाते. सीलबंद बेअरिंगचा आणखी एक फायदा असा, की ते सायकलच्या दुकानातून आणावे लागत नाही. बेअरिंगच्या कडेवर बारीक अक्षरांत आकडा कोरलेला असतो. कापडाने ग्रीस पुसले आणि बॅटरीच्या उजेडात वळवून पाहिले, की पुढच्या हबमधल्या बेअरिंगवर बऱ्याचदा ६०००-२आरएस असे काहीतरी वाचता येते. म्हणजे आतला व्यास १० मिलिमीटर, बाहेरचा २६, जाडी ८. हा आकडा कागदावर लिहून पाण्याच्या मोटारींचे सामान ठेवणाऱ्या दुकानात न्यावा. विहिरी आणि मोटारींच्या या प्रदेशात अशी दुकाने तालुक्याच्या गावीही असतात आणि अशी प्रमाणित मापाची बेअरिंगे त्यांच्याकडे असतात. सगळ्याच हबमधली बेअरिंगे प्रमाणित मापाची नसतात, म्हणून सायकल घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून हे आकडे मागून घेतलेले बरे.

चेन अर्धा इंच लांबीच्या आणि १/८ इंच रुंदीच्या दुव्यांची असते, म्हणजे साध्या घरगुती सायकलीच्या मापाचीच. अडचणीच्या वेळी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीची चेन लागून जाते. मात्र ती कायम ठेवू नये.

चाके, टायर आणि काटे

रिम दुहेरी भिंतीची असावी आणि आरे ३६ असावेत; ४८ आऱ्यांचे चाक जड होते आणि त्याची गरज नसते. टायर २.१ ते २.४ इंच रुंद असावेत. रुंद टायर खडबडीत काँक्रीटवर मनगटांना दिलासा देतात, म्हणून मी २.३ इंचांच्या आसपासचेच सुचवतो.

टायरच्या मापाबाबत एक सावधगिरी बाळगावी. वीस इंची टायर दोन असतात. बीएमएक्सच्या रिमला ४०६ मिलिमीटरचा टायर बसतो आणि आपल्याकडच्या वीस इंची मुलांच्या जाड टायरच्या सायकलींनाही बहुधा तोच असतो, त्यामुळे ट्यूब कुठेही मिळते. शर्यतीच्या काही हलक्या सायकलींना मात्र ४५१ मिलिमीटरची अरुंद रिम असते. तिला बाजारातला टायर बसत नाही. टायरच्या कडेवर हा तीन आकडी अंक असतोच. तो वाचल्याशिवाय टायर घेऊ नये.

खान्देशात सायकलीचा खरा शत्रू काटा आहे. बाभळीचा काटा दिसतो तरी, पण सराटा धुळीत मिसळलेला असतो आणि पावसाळा संपल्यावर माळावरच्या एका फेरीत टायरमध्ये पाच-सहा सराटे रुततात. ट्यूब आणि टायरच्या मध्ये काटे रोखणारी पट्टी घालावी किंवा ट्यूबमध्ये पंक्चर भरणारा द्रव घालावा. थोडे वजन वाढले, तरी येथे ते परवडते. ट्यूबला मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असावा, म्हणजे पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. साधारण ७५ ते ८० किलो वजनाच्या स्वाराने सिमेंटवर ५० ते ६० पीएसआय हवा ठेवावी, मातीवर थोडी कमी. भुसावळकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ताठ हवा भरलेली सायकल उभी करून ठेवू नये, कारण तापल्यावर दाब वाढतो आणि जुनी ट्यूब फुटते.

ब्रेक

आजच्या अनेक फ्रीस्टाइल सायकली ब्रेकशिवाय येतात आणि तरुण मुले त्या पायाने टायर दाबून थांबवतात. परतणाऱ्या माणसाने असे करू नये. मागचा ब्रेक हवाच, आणि रस्त्यावर गाड्यांमध्ये सायकल न्यायची असेल, तर पुढचाही घ्यावा. फ्रेमवर ब्रेक बसवण्याचे लग, म्हणजे छोटे खुंट, वेल्ड केलेले किंवा स्क्रूने लावता येणारे आहेत का, ते खरेदीपूर्वीच पाहावे. ते नसतील, तर पुढे ब्रेक नीट बसवता येत नाही. हँडल पूर्ण गोल फिरावे म्हणून ब्रेकच्या केबलला गायरो नावाचा जोड लावतात. तो आता घेण्याची गरज नाही. लांब केबल ठेवली, तरी हँडल एक-दोन वेळा फिरते, आणि गायरो जुळवणारा मिस्त्री आपल्याकडे शोधावा लागतो.

चोवीस इंची चाकांचा पर्याय

पाच फूट दहा इंचांहून उंच असलेल्या, किंवा उड्यांपेक्षा फिरणे जास्त होणार असलेल्या माणसाने चोवीस इंची बीएमएक्सचा विचार जरूर करावा. ती खड्ड्यांवरून सहज जाते, वेगात स्थिर राहते आणि शरीराला कमी हादरे देते. ५०७ मिलिमीटरचा चोवीस इंची टायर मुलांच्या गिअरच्या सायकलींमुळे सगळीकडे मिळतो, हा तिचा मोठा फायदा. बावीस इंची बीएमएक्सही असते आणि चालवायला ती छान असते, परंतु तिची रिम ४५७ मिलिमीटरची असते आणि आपल्या बाजारातले साध्या सायकलीचे बावीस इंची टायर तिला बसत नाहीत. प्रत्येक टायर बाहेरून मागवण्याची तयारी असेल, तरच ती घ्यावी.

नवी घ्यावी की वापरलेली

हॅरो, जीटी, मंगूस ही जुनी अमेरिकी नावे आणि वी द पीपल, संडे, किंक, कल्ट ही नंतरची नावे या क्षेत्रात प्रतिष्ठित आहेत. पण नावावर विसंबू नये. एकाच नावाखाली साध्या पोलादाची स्वस्त सायकल आणि पूर्ण क्रोमोलीची महाग सायकल अशा दोन्ही विकल्या जातात. परदेशातून स्वतः मागवायची असेल, तर सायकलीच्या किमतीत मालवाहतूक आणि सीमाशुल्क मिळवून मगच तुलना करावी. पुण्या-मुंबईतल्या विक्रेत्याकडून मागवणे पुष्कळदा स्वस्त पडते आणि सुट्या भागांसाठी बोलायला माणूसही मिळतो.

वापरलेली चांगल्या दर्जाची सायकल ही नव्या सामान्य सायकलीपेक्षा बरी, असे माझे मत आहे, पण ती डोळ्यांनी पाहूनच घ्यावी. ओल्या फडक्याने फ्रेम पुसून घ्यावी आणि हँडलच्या नळीच्या मागे, खालच्या पाइपच्या पोटावरून बोट फिरवावे. समोरून जोराची धडक बसलेली असेल, तर तिथे रंगाला केसाएवढी आडवी सुरकुती पडलेली असते आणि ती डोळ्याआधी बोटाला लागते. अशी फ्रेम कितीही स्वस्त असली, तरी घेऊ नये. ती वेल्ड करून देतो म्हणणाऱ्याचे ऐकू नये. मग सायकल बाजूने पाहून चिमटा हँडलच्या नळीच्या रेषेत आहे की मागे ढकलला गेला आहे, ते तपासावे. मागचे चाक ज्या खाचांमध्ये बसते, त्या खाचांच्या कडा उघडलेल्या नसाव्यात. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी. हँडलच्या नळीत टकटक जाणवली, तर बेअरिंग ढिले किंवा खराब आहे. क्रँक हाताने आडवा हलवावा, चाक उचलून फिरवावे आणि शेवटी उभे राहून जोरात पायडल मारावे. मागच्या हबमध्ये दात सुटल्याचा झटका आला, तर हबचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोलणी करावीत.

पेटी घरी आल्यावर

बाहेरून मागवलेली सायकल अर्धवट जोडलेल्या अवस्थेत येते आणि तिची जोडणी येथल्या मिस्त्रीकडून करून घेताना शेजारी उभे राहावे. मिस्त्री हुशार असतात, पण बीएमएक्सचा चिमटा त्यांनी क्वचितच पाहिलेला असतो आणि तो उलटा बसवला जाण्याची चूक सर्वत्र होते. चिमट्याच्या खालच्या टोकाच्या खाचा पुढच्या बाजूला झुकलेल्या असाव्यात. हँडलचा वरचा बोल्ट आधी, बेअरिंगमधली ढिलाई जाईल एवढाच आवळावा आणि स्टेमचे, म्हणजे हँडल धरणाऱ्या जोडाचे, बाजूचे बोल्ट त्यानंतर आवळावेत. हा क्रम चुकला, तर हँडल एक तर जड होते किंवा खडखडते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे सांगूनही कोणीतरी ते जोर लावून चढवतो, म्हणून पायडल स्वतः हाताने तीन-चार फेरे फिरवून मगच पाना लावू द्यावा. मागच्या १४ मिलिमीटरच्या आसाला बहुधा १७ नंबरचा आणि पुढच्या १० मिलिमीटरच्या आसाला १५ नंबरचा पाना लागतो. हे दोन पाने आणि एक अॅलन चावीचा संच घरी असावाच. मागचे चाक खाचेत पुढे-मागे सरकवूनच चेनचा ताण जुळवायचा असतो आणि चेन मधोमध दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे.

सायकलीबरोबरच हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड आणि हातमोजे घ्यावेत, आणि त्यांचे पैसे सायकलीच्या बजेटमध्ये आधीच धरावेत, उरलेल्यातून नव्हे. हेल्मेट कानांच्या वरचा आणि डोक्याच्या मागचा भाग झाकणारे, वाटीच्या आकाराचे असावे. लहानपणी आपण पडून लगेच उठत होतो, आता मनगट मोडले, तर सहा आठवडे घर आणि नोकरी दोन्ही अडतात. पूर्वी गुडघ्याची किंवा मणक्याची दुखापत झालेली असेल, तर सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पहिले दोन आठवडे उड्या नकोत. उन्हाळ्यात सकाळी सात-साडेसातच्या आत, सपाट काँक्रीटवर, उभ्याने चालवण्याचा, ब्रेकचा आणि दोन्ही चाके थोडी उचलण्याचा सराव करावा. या काळात नवे आरे बसतात आणि थोडे ढिले होतात, क्रँकचे बोल्टही सैलावतात. पंधरा दिवसांनी सायकल परत मिस्त्रीकडे नेऊन दोन्ही चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यावा, आऱ्यांचा ताण सारखा करून घ्यावा आणि क्रँक, स्टेम, आस यांचे सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. ओट्यावरून पहिल्यांदा उतरायचे, ते त्यानंतर.